पाण्याआधी उचललेली घरं

आईचा व्हिसा आला त्या दिवशीच मी ठरवलं होतं, तिला मॉरिसबर्गला न्यायचं. नायगारा ती बघणारच होती, टोरांटोच्या भाच्यांनी तो बेत आधीच आखला होता. पण मॉरिसबर्गजवळचं अप्पर कॅनडा व्हिलेज, जुन्या गावासारखं मांडलेलं संग्रहालय, मी तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. आम्ही ओटावात सहा वर्षं राहतो, तिथून ते गाव गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, तरी मी आधी गेले नव्हते. एकटीने बघण्यासारखं ते मला कधी वाटलंच नाही.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या अगदी काठचं. ते उजनीच्या पाण्यात गेलं. धरण पूर्ण झालं १९८० साली. आईचं लग्न १९७३ चं, मोठ्या दुष्काळाच्या पाठचं. म्हणजे ती सासरी निघाली ती जुन्या गावातून, आणि पुढे काही वर्षांनी माहेरपणाला आली ती पुनर्वसनाच्या गावठाणात. मधलं काही तिने पाहिलंच नाही. घर उतरवताना ती तिथे नव्हती, पाणी चढताना नव्हती. त्या गावाबद्दल ती बोलते तेव्हा अजून वर्तमानकाळात बोलते. ‘आमच्या चावडीमागं चिंच आहे ना,’ असं.

मॉरिसबर्गजवळचं हे गाव पाहायला येणाऱ्या बऱ्याच जणांना ते फक्त जुन्या काळचं खेडं म्हणून माहीत असतं. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, झाडीत, ४० हून जास्त जुन्या इमारती, १८६६ सालचे कपडे घातलेली माणसं, घोडागाड्या, गिरण्या. हे सगळं आहेच. पण या इमारतींपैकी कितीतरी इथे आल्या त्या नदीवर धरण झालं म्हणून. समुद्रातली मोठी जहाजं थेट आतल्या महासरोवरांपर्यंत जावीत आणि वीजही मिळावी, यासाठी कॅनडा आणि अमेरिकेने मिळून १९५० च्या दशकात नदीचा हा पट्टा बदलून टाकला. १ जुलै १९५८ ला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, सकाळी आठ वाजता ३० टन स्फोटकांनी तात्पुरता बांध उडवला, आणि पुढच्या काही दिवसांत ऑल्ट्सव्हिल, फॅरन्स पॉइंट, डिकिन्सन्स लँडिंग, वेल्स, मुलिनेट, मिल रोश ही गावं आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या पाण्याखाली गेल्या. सुमारे ६,५०० माणसं हलली. त्यांच्यासाठी इंगलसाइड आणि लाँग सू ही दोन नवी गावं वसवली, इरक्वॉय नावाचं गाव मागे सरकवलं. बुडणाऱ्या भागातल्या निवडक जुन्या इमारती उचलून एकत्र मांडल्या, आणखी काही इतर ठिकाणांहून आणल्या, आणि १९६१ साली हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं.

हे मी आईला आधी सांगितलं नाही. गाडीत सांगायचं ठरवलं होतं.

ऑगस्टचा शेवट होता. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते: हे गाव बारा महिने उघडं नसतं. मुख्य हंगाम वसंत संपता संपता सुरू होतो आणि पानगळीच्या आसपास आटोपतो, तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे आधी बघूनच निघावं. टोरांटोहून येणार असाल तर ४०१ महामार्गाने चार-साडेचार तास धरा आणि एक मुक्काम करा. दिवस अख्खा लागतो. वाटा मातीच्या आणि खडीच्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला चपला चालत नाहीत. आईला मी बूट घालायला लावले आणि तिने ते कुरकुर न करता घातले. बरोबर चपात्या, शेंगांची चटणी, कांदा आणि दह्याचा डबा घेतला. आई माळकरी आहे, बाहेरचं शिजलेलं खात नाही. आत झाडाखाली बसून डबा खायला भरपूर जागा आहे.

निघाल्यावर अर्ध्या वाटेत मी सांगितलं. ती खिडकीतून मक्याची शेतं बघत होती. ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, “घरं उचलली म्हंजी उतरवून आणली का अख्खीच्या अख्खी?”

दोन्ही, मी म्हटलं. लाकडी घरं चाकांच्या अवाढव्य यंत्रावर घालून जशीच्या तशी नेली. या पट्ट्यात अशी ५०० हून जास्त घरं हलवली, आणि कपाटातली कपबशीसुद्धा हलली नाही असं तिथले लोक अजून सांगतात. दगडा-विटांची घरं मात्र उतरवली, दगडांवर आकडे घातले आणि नव्या जागी त्याच क्रमाने पुन्हा रचली.

“दादांनी पण आकडे घातले होते,” आई म्हणाली. दादा म्हणजे माझे आजोबा. “सराला आन् वाशांना. गेरूनं. मी नव्हते, पण नव्या घरात गेले तवा माळवदाकडं बघितलं तर आकडे दिसत होते. चार नंबरचा वासा चुकीच्या जागी बसलावता.”

हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

तिकीट काढून आत गेलो की एकदम आवाज बदलतो. मोटारींची घरघर मागे राहते आणि घोड्याच्या टापा, पाण्याचा खळखळाट, कुठेतरी ऐरणीवरचा घण ऐकू येतो. गावातून एक कालवा काढलाय. त्यात एक सपाट नाव असते आणि काठाने चालणारा घोडा दोराने ती ओढतो. माझा मुलगा दहा वर्षांचा, तो तिकडेच धावला. नावेत बसून अगदी सावकाश पुढे जाताना दोन्ही काठांवरचं गाव दिसत जातं. घाई नसेल तर सुरुवात इथूनच करावी.

लाकूड कापायची गिरणी १८४० च्या दशकातली आहे. पाण्याची झडप उघडली की उभी करवत खाली-वर व्हायला लागते आणि अख्खा ओंडका तिच्याकडे हळूहळू सरकत येतो. सगळी इमारत थरथरते. ताज्या देवदाराचा वास भरून राहतो. तिथे आम्ही फार थांबलो नाही, कारण आईला पुढच्या गिरणीचा वास आधी आला होता: लोकर.

लोकरीच्या गिरणीत आमचा तास-दीड तास गेला. ही ओडेसा नावाच्या गावाजवळून आणलेली. खालच्या अंगाला पाण्याचा जोर, त्यावर पट्टे, पट्ट्यांवर सगळी यंत्रं. एका बाजूला कातरलेली, धुतलेली लोकर. ती तारेचे दात लावलेल्या मोठ्या रुळांमधून जाते, पिंजली जाते आणि पेळूसारखी होऊन बाहेर पडते. मग ते पेळू एका लांबलचक चौकटीवर चढतात. चौकट रुळावरून पुढे-मागे जाते आणि एका दमात कितीतरी चात्या फिरतात, सूत ओढलंही जातं आणि त्याला पीळही बसतो. पलीकडे माग. इथलं कापड आणि ब्लँकेटं शोभेची नसतात, विकायला ठेवतात.

आई यंत्राला अगदी खेटून उभी होती. तिच्या माहेरी घराशेजारीच धनगरांची आळी होती. हातावर चाती फिरवत मेंढरांमागे चालणारी म्हातारी, लोकर पिंजणारा माणूस, सनगराच्या दारात ताणलेला घोंगडीचा ताणा आणि त्याला चोपडायची चिंचोक्याची खळ, हे तिने लहानपणी रोज पाहिलेलं. यंत्रावरच्या मुलाने, अंगात सदरा-बंडी आणि डोक्यावर टोपी, तिच्या हातात पिंजलेली लोकर ठेवली. तिने ती बोटांनी ओढली, पदराच्या कडेवर अंगठ्याने पीळ दिला, आणि वीतभर सूत काढून त्याच्या हातात परत दिलं. तो थक्क झाला. त्याने मला विचारलं, यांच्याकडे मेंढ्या होत्या का? मी आईला मराठीत विचारलं. ती म्हणाली, “त्याला सांग, आमची लोकर काळी असते आन् राठ असते. ही लई मऊ आहे. हिची घोंगडी पावसात टिकायची नाही.” मी सगळं शब्दशः सांगितलं. त्याने मान डोलावून पाऊस किती पडतो ते विचारलं, आणि मग दोघांचं माझ्या मध्यस्थीने बराच वेळ चाललं: मेंढ्या कधी कातरता, गवत संपलं की कुठे नेता, खळ का लावता. इथे काम करणारी माणसं पाठ केलेलं भाषण देत नाहीत, हातातलं काम करता करता बोलतात. म्हणून अशा गावात काचेआडच्या वस्तू बघण्यापेक्षा माणसांशी बोलावं. विचारलं की सांगतात, आणि आपण सांगितलं की ऐकतात.

पिठाच्या गिरणीत आईने दगड पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “टाकी कोण लावतं?” जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दळण नीट होत नाही, मग छिन्नीने पुन्हा खाचा पाडायच्या. तिथल्या माणसाने उलटा ठेवलेला एक दगड दाखवला, मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या तिरप्या खाचा त्याने बोटाने दाखवल्या. काम तेच, फक्त खाचांची तऱ्हा वेगळी. या पिठाचा पाव गावातल्याच भट्टीत भाजतात. आम्ही पिठाची एक पिशवी घेतली.

बाकीचं मी भराभर सांगते, कारण आम्ही ते भराभरच पाहिलं. लोहाराचं दुकान, पत्र्याच्या वस्तू करणारा, सुतार, छापखाना, शाळा, डॉक्टरचं घर, चीज करायचा कारखाना. चकचकीत मोठी घरंही आहेत, त्यांतला क्रायस्लर हॉल खांबांचा आणि देखणा आहे, पण मला त्यात फार रमायला झालं नाही. मला आवडलं लाउक्स यांचं दगडी शेतघर. मागे परसात कोबी, बीट, घेवडा, कुंपणापलीकडे गाई, आत चुलीवर काहीतरी रटरटतंय. आईने परसात जाऊन दोन वाफ्यांमधलं तण उपटलं. कोणी काही बोललं नाही.

मधूनमधून मला एक गोष्ट टोचत होती, ती लिहायलाच हवी. या गावाला ‘पायोनियर’, म्हणजे पहिल्या वसाहतकारांचं गाव म्हणायची पद्धत आहे. ते वसाहतकार अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढून हरलेले, १७८४ साली इथे जमिनी मिळालेले निर्वासित. ‘अप्पर’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा कॅनडा. पण नदीकाठ काही ओसाड नव्हता. मोहॉक लोक इथले, त्यांची अक्वेसास्नी ही वस्ती आजही थोडी खाली कॉर्नवॉलजवळ आहे, आणि १९५० च्या दशकातल्या याच प्रकल्पात त्यांचीही जमीन आणि मासेमारीची पाणी गेली. पहिलं कोण, हा प्रश्न मुलाने विचारला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याशिवाय हे गाव अर्धंच बघितल्यासारखं होतं.

मग आम्ही चर्चशी आलो. पांढरं, लाकडी, उंच कळसाचं. हे मुलिनेट गावचं, १८३७ साली बांधलेलं. मुलिनेट बुडालं, चर्च इथे आलं. आत थंडगार होतं, बाकांची लाकडं हातांनी गुळगुळीत झालेली. आई शेवटच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “दाद्याला फोन लाव.” दाद्या म्हणजे माझा मोठा मामा. आमच्याकडे सकाळचे अकरा, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ. मामा जेवून ओट्यावर बसला होता. मी फोन सगळीकडे फिरवून दाखवला: छत, खिडक्या, बाहेरून कळस.

“हे बघ, बुडायच्या आधी आख्खं देऊळ उचलून आणलंय यांनी,” आई म्हणाली.

मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आन् देव?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मामाला काय सांगणार? आमच्याकडे उलट झालं होतं. देव उचलले, देवळं राहिली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. मामाच्या गावचा मारुती बैलगाडीतून नव्या गावठाणात आला. पार मात्र खालीच आहे. मी म्हटलं, “मामा, इथे अजून प्रार्थना करता येईल असं आहे सगळं.” तो म्हणाला, “मग झालं की.” आणि आईला म्हणाला, “आक्के, जेवलीस का?”

डबा आम्ही नदीकडे तोंड करून खाल्ला. तिथून जवळच टेकाडावर १८१३ च्या लढाईचा स्तंभ आहे. इंग्रजांच्या बाजूच्या सैन्याने अमेरिकी सैन्याला इथे, क्रायस्लरच्या शेतात, ११ नोव्हेंबरला हरवलं होतं. तेव्हाचं रणांगणही पाण्याखाली गेलं. पण बुडण्याआधी तिथली माती खणून आणली, तिचं टेकाड केलं आणि १८९५ चा स्तंभ त्यावर हलवून बसवला. आई टेकाड चढली. वर जाऊन वाकली आणि मातीला हात लावून तो कपाळाला लावला. लढाई कोणाची, जिंकलं कोण, हे तिने विचारलं नाही.

पुढे विटांच्या भिंतींचं एक स्मारक आहे. बुडालेल्या गावांतल्या पाडलेल्या घरांच्या विटा, आणि त्यांत बसवलेल्या थडग्यांच्या जुन्या पाट्या. काही कबरी तेव्हा नव्या जागी हलवल्या, बाकीच्यांवर दगडांचा थर घालून त्या तशाच पाण्याखाली ठेवल्या. पाट्यांवरची अक्षरं पुसट झाली आहेत. लहान मुलांच्या पाट्या पुष्कळ आहेत, महिने आणि दिवस मोजून लिहिलेलं वय. मुलगा ती वयं मोठ्याने वाचत होता, मग आपोआप थांबला.

तिथेच मला उमगलं की या गावाने वर्ष १८६६ का निवडलं असेल, आणि मला त्याची कुठेतरी खंतही वाटली. आत सगळं छान चाललंय, पाणी अजून ९२ वर्षं लांब आहे. पण या चर्चमध्ये १९५७ सालीही लोक येत होते. शेवटच्या काळात मोठमोठी झाडं तोडली, न हलवलेली घरं पाडली, काही घरं तर आग कशी पसरते याचा अभ्यास करण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम पेटवली. ज्यांना घराच्या खिडकीतून हे दिसलं त्यांची गोष्ट ऐकायची असेल तर अर्ध्या तासावरच्या लाँग सू गावाजवळ ऑल्ट पार्कमध्ये जायला हवं. तिथे बुडालेल्या गावांचं वेगळं, छोटं संग्रहालय आहे. आम्ही चारच्या सुमारास निघालो आणि तिकडे वळलो.

ते भपकेबाज नाही, आणि मला ते जास्त भिडलं. मोजक्या इमारती, भिंतींवर फोटो. मुलिनेटचं छोटं रेल्वे स्टेशनही आणून ठेवलंय. रेल्वेमार्ग आणि जुना हमरस्ता हेही तेव्हा उत्तरेकडे सरकवावे लागले, जशी उजनीमुळे डिकसळच्या जुन्या पुलावरची रेल्वे हलली. आई फोटोंसमोर एकेक पाऊल सरकत होती. घर यंत्रावर चढलेलं, आणि बाजूला स्वयंपाकाचा अंगरखा घातलेली बाई नुसती उभी. “हिला विचारलं असंल का कुणी, कुठं जायचं तुला म्हणून?” आई म्हणाली.

परतताना पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याने आलो. लाँग सू पार्कवे नावाचा हा रस्ता अकरा बेटांना जोडतो, आणि ही बेटं म्हणजे पाणी चढण्याआधीची उंच जमीन. पाणी खाली गेलं की काही ठिकाणी जुन्या रस्त्याचे आणि घरांच्या पायांचे अवशेष दिसतात. त्या दिवशी पाणी भरलेलं होतं, काही दिसलं नाही. हंस होते, शेकड्यांनी. जवळच पक्ष्यांचं अभयारण्य आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित येतात ते बघायला आता पुण्यामुंबईचे लोक नावा करून जातात, हे आईने मुलाला सांगितलं. “त्या नावेखाली आमचं शेत आहे,” ती म्हणाली.

मुलाने विचारलं, “आजी, कुठे? काढून दाखव.”

गाडी महामार्गाला लागली तेव्हा त्याच्या वहीत चावडी होती, तिच्यामागे चिंच, मारुती, पार, नदीकडे उतरणारी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना घरं. आई सांगत होती, तो काढत होता. नाव काय, कोणाचं घर, दार कुठल्या बाजूला, दारात काय. कुंभाराचं घर, त्याच्या शेजारी तांबोळ्याचं, मग दोन भावांचं भिंत घालून वाटलेलं. नदीच्या अंगाची अकरा घरं झाली. बाराव्याशी ती अडली. दारात कडुनिंब होता, बाहेर जनावरांचा गोठा होता, एक आंधळी म्हातारी ओसरीवर बसायची, हे सगळं आठवत होतं. नाव आठवेना.

घड्याळात सात वाजले होते. म्हणजे मामाकडे पहाटेचे साडेचार. “पाचला उठतो त्यो धारा काढायला,” आई म्हणाली. बाराव्या घराच्या चौकोनात मुलाने कडुनिंब काढला, ओसरी काढली आणि नावाची जागा रिकामी सोडली. फोन आईने मांडीवर घेतला, आणि आम्ही पाच वाजायची वाट बघत राहिलो.